हाताकडे बघा, जॉबकडे नंतर

मागच्या अंकात लिहिलं होतं की आयटीआयमधल्या निदेशकांनी शिकवण्याबद्दलचे प्रश्न पाठवावेत, आणि पत्रं आली ती फक्त निदेशकांची नाहीत, पालकांचीही आली, एकदोन माजी प्रशिक्षणार्थ्यांची पण आहेत. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. बदल्या आणि भरतीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, आज फक्त वर्कशॉपमध्ये उभं राहून शिकवण्याबद्दल. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून जिल्हा आणि ट्रेड तेवढा दिलाय.

प्रश्न : मॅडम, मी फिटर ट्रेड केला, अप्रेंटिसशिप केली, मग अंबड एमआयडीसीत टूलरूमला होतो आणि आता एका खाजगी आयटीआयमध्ये निदेशक म्हणून लागलोय. कंपनीत माझ्या कामाला कधी कोणी नाव ठेवलं नाही. इथे मी पोरांना करून दाखवतो, ती मान डोलावतात आणि बेंचवर गेली की बहुतेकांचा जॉब, म्हणजे बनवायला दिलेला तुकडा, वाकडा. परत दाखवलं तरी तेच. माझं नक्की काय चुकतंय? (फिटर, नाशिक जिल्हा)

उत्तर : तुमचा हात चांगला आहे आणि अडचण तिथेच आहे, ही तक्रार मला कायम हात चांगला असलेल्यांकडूनच येते. इतकी वर्षं फाइल, म्हणजे कानस, चालवल्यावर हात स्वतःच बरंच काही करत असतो आणि त्याची आपल्याला खबर पण नसते. तुम्ही पोरांना सांगता "फाइल सरळ चालव, लेव्हल ठेव". बरोबर आहे, पण सरळ चालते कशी? स्ट्रोकच्या सुरुवातीला पुढच्या हाताचा, म्हणजे फाइलच्या टोकावरच्या हाताचा दाब जास्त असतो, मध्यावर दोन्ही हात सारखे, आणि शेवटी मुठीकडच्या हाताचा दाब वाढतो, मागे येताना दाब नाहीच. हे तुम्ही दर स्ट्रोकला करता पण सांगत नाही कारण तुम्हाला ते जाणवत नाही. नवं पोरगं दोन्ही हातांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा जोर लावतं, मग फाइल झोक्यासारखी हलते आणि दोन्ही कडा खाली जाऊन जॉबला मधे पोट येतं. तुम्ही ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडात धरता आणि म्हणता "बघ, पोट आलंय, काढ". ते पोरगं पोट काढायला अजून जोरात घासतं आणि अजून पोट येतं.

इथेच शिकवणारा आणि नुसता तपासणारा वेगळे होतात. जॉब वाकडा आहे हे ट्राय स्क्वेअरही सांगतो, त्याला निदेशक लागत नाही. निदेशकाचं काम आहे त्या वाकड्या जॉबवरून मागे जाऊन हाताची, पायाची, खांद्याची नेमकी कुठली हालचाल चुकली ते ओळखायचं. म्हणून मी सगळ्या नव्या निदेशकांना एकच सांगते की पोरगं काम करत असताना जॉबकडे बघू नका, त्याच्या हाताकडे आणि उभं राहण्याकडे बघा. व्हाइस, म्हणजे जॉब पकडायचा शिकंजा, किती उंच आहे त्याच्या मानानं? जबड्याची वरची कड साधारण त्याच्या कोपराएवढी हवी, आणि आपल्याकडे बेंच सगळे एका उंचीचे असतात, पोरं नसतात. बुटक्या पोराचा कोपर वर जातो आणि तो खांद्यानं फाइल ढकलतो, त्याला कितीही वेळा "सरळ चालव" सांगितलं तरी ते होणारच नाही, त्याच्या पायाखाली लाकडी फळी टाकली की अर्ध्या तासात फरक दिसतो. असं एक कारण सापडलं की चार बोलणी वाचतात.

आता करून दाखवण्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नवख्या माणसांना भराभर कामाला लावायची वेळ आली तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम निघाला होता, त्यात सुपरवायझरना शिकवायच्या चार पायऱ्या शिकवायचे, तयारी, करून दाखवणं, करून घेणं आणि नंतर लक्ष ठेवणं. आपल्याकडे शिल्प निदेशक प्रशिक्षणात, म्हणजे सीआयटीएसमध्ये लेसन प्लॅन आणि डेमो प्लॅन लिहायला लावतात त्याच्याही मुळाशी याच पायऱ्या आहेत. पण प्रत्यक्षात काय होतं की दुसरी पायरी एकदा झाली की आपण थेट चौथीवर उडी मारतो. दाखवलं, आता करा, संध्याकाळी तपासतो. तिसरी पायरी, करून घेणं, हीच खरी वेळ खाणारी आणि तीच गळते.

माझी पद्धत अशी आहे. एकदा नेहमीच्या वेगानं करून दाखवायचं, तोंडातून एक शब्द न काढता, म्हणजे पूर्ण काम कसं दिसतं ते त्यांना कळतं. मग हळू, एकेक टप्पा बोलत, आणि प्रत्येक टप्प्यात एकच मुद्दा, जो चुकला तर जॉब जाईल किंवा बोट जाईल. मग एका पोराला पुढे बोलवायचं, हत्यार त्याच्या हातात आणि आधी त्यानं सांगायचं की आता मी काय करणार आहे आणि का, मगच करायचं. तो जिथे अडखळतो तिथे तुमचं सांगणं कमी पडलंय असं समजा. हे सगळ्यांसमोर करा म्हणजे बाकीच्यांचंही होतं, फक्त हुशार पोरालाच दरवेळी बोलवू नका.

आणि एक काम घरी करा. मोबाइल स्टँडला लावून स्वतःच्या हातांचं शूटिंग करा, हॅकसॉनं कापताना, फायलिंग करताना, टॅप मारताना म्हणजे भोकात आटे पाडताना, आणि मग ते बघत कागदावर लिहा की हात काय काय करतोय. टॅप मारताना तुम्ही साधारण अर्धा ते एक आटा पुढे जाऊन थोडं उलट फिरवता ना, चिप तुटावी म्हणून? ते कधी सांगितलंत का पोरांना? एम १० च्या टॅपला साडेआठ मिलिमीटरचं ड्रिल लागतं हे वहीत लिहून दिलेलं असतं, पण टॅप काटकोनात धरलाय हे डोळ्यानं दोन बाजूंनी बघायचं असतं हे वहीत नसतं. हा कागद मग दुसऱ्या ट्रेडच्या एखाद्या सहकाऱ्याला द्या, कोपाच्या (कॉम्प्युटरच्या ट्रेडच्या) मॅडमना द्या, आणि म्हणा की एवढंच वाचून करून बघा. त्या जिथे थांबतील तिथे तुमची ओळ अपुरी आहे.

एक बारीक गोष्ट राहिली, फाइलच्या दातात कीस अडकून जॉबवर ओरखडे येतात तेव्हा खडू घासायचा आणि वायर ब्रशनं साफ करायचं, हे पोरांना पहिल्याच आठवड्यात दाखवा, नाहीतर महिनाभर ती ओरखड्यांसाठी स्वतःच्या हाताला दोष देत बसतात.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा आहे, स्पर्धा परीक्षेतून सरकारी आयटीआयला लागले. कारखान्यातला अनुभव जेमतेम आहे आणि तोही ऑफिसमधला. बॅचमध्ये एक मुलगा आहे तो लहानपणापासून वडिलांच्या गॅरेजवर काम करतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त येतं आणि ते सगळ्या वर्गाला दिसतं. लाज वाटते. मी काय करू? (मेकॅनिक मोटार व्हेईकल, लातूर जिल्हा)

उत्तर : लाज वाटायचं काहीच कारण नाही ताई, अशा जोडीची गरज असते हे नियम बनवणाऱ्यांनीही ओळखलंय. आयटीआयच्या अभ्यासक्रमात निदेशकाची पात्रता दिलेली असते ती बघा, डिग्री असेल तर एक वर्ष, डिप्लोमा असेल तर दोन वर्षं आणि आयटीआय किंवा अप्रेंटिसशिपवाला असेल तर तीन वर्षं त्या क्षेत्रातला अनुभव, आणि एका युनिटला, म्हणजे तुकडीला, दोन निदेशक असतील तर एक डिग्री-डिप्लोमावाला आणि दुसरा आयटीआयवाला असावा असंही त्यात आहे. म्हणजे एकाकडे 'का' पक्कं असावं आणि दुसऱ्याकडे 'कसं'. तुमच्या शेजारी जे आयटीआय करून आलेले सर असतील त्यांच्याकडून 'कसं' उचलायला लागा, अगदी चहाच्या वेळेला बसून विचारा, चांगली माणसं आनंदानं सांगतात.

मात्र येत नसताना येतंय असं दाखवू नका. वर्कशॉपमध्ये हे लपत नाही. थिअरीच्या वर्गात निभावून जाईल पण इंजिन उघडल्यावर पोरांना पाच मिनिटांत कळतं, आणि एकदा कळलं की तुमच्या बरोबर गोष्टींवरही त्यांचा विश्वास राहत नाही. "हे मला उद्या बघून सांगावं लागेल" हे वाक्य न घाबरता म्हणा, आणि उद्या खरंच सांगा, विसरू नका.

डेमोच्या आदल्या दिवशी ते काम स्वतः पूर्ण करा. पूर्ण म्हणजे सुरुवातीपासून पुसून जागेवर ठेवेपर्यंत. व्हॉल्व्ह क्लिअरन्स लावायचा असेल तर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घेऊन स्वतः लावा, तो घासत जातो म्हणजे नेमका किती घासतो हे बोटांना कळू द्या. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या चांगल्या सर्व्हिस सेंटरला किंवा गॅरेजला काही आठवडे जाऊन काम करा, बघायला नाही, काम करायला. गाड्या दर दोनतीन वर्षांनी बदलताहेत, बीएस-६ आलं, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, त्यामुळे वीस वर्षं अनुभव असलेल्या सरांनाही हे करायलाच हवं, फक्त तुम्हाला नाही.

आता तो गॅरेजवाला मुलगा. त्याच्याबद्दल तुमच्या पत्रात थोडी भीती दिसते पण तो तुमचा मोठा आधार होऊ शकतो. त्याला कामं येतात, कारणं येत नाहीत. तो आवाजावरून सांगेल की टायमिंग गेलंय, पण का गेलं आणि मॅन्युअलमध्ये किती लिहिलंय हे त्याला माहीत नसतं, आणि गॅरेजवरच्या काही सवयी चुकीच्याही असतात, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) न वापरता अंदाजानं हेडचे बोल्ट आवळणं ही त्यातली एक. त्याला डेमोला मदतीला घ्या, त्यानं करावं आणि तुम्ही कारण सांगावं, आणि त्याच्या आवळलेल्या बोल्टवर टॉर्क रेंच लावून दाखवा की सगळे सारखे आवळले गेलेत का. त्याला कमी न लेखता त्याच्यात भर घाला, मग वर्गही बघतो आणि तोही.

प्रश्न : इलेक्ट्रिशियनच्या थिअरीला आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशनला पोरं अक्षरशः झोपतात. प्रॅक्टिकलला तीच पोरं जेवायची सुट्टी विसरतात. मी समजावून सांगतो, फळ्यावर लिहून देतो, तरी काही उपयोग नाही. (इलेक्ट्रिशियन, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : हा माझाच ट्रेड, त्यामुळे जरा जास्त लिहिते. ही पोरं दहावीपर्यंत गणितानं आणि फळ्यानं पुरती घाबरलेली असतात, बऱ्याच जणांना शाळेत 'तुझ्यानं होणार नाही' हे ऐकून ऐकून सवय झालेली असते. त्यांच्यापुढे परत फळाच आला की डोळे मिटणारच. थिअरी कमी करू नका, तिची जागा बदला. आधी प्रश्न पडू द्या, मग सूत्र द्या.

होल्डरमध्ये दोन साधे फिलामेंटचे बल्ब सिरीजमध्ये लावा, एक १०० वॅटचा आणि एक ४० चा. पोरांना विचारा कुठला जास्त पेटेल. सगळे म्हणतील शंभरचा. स्विच टाका. चाळीसचा पेटतो आणि शंभरचा नुसता लालसर होतो. आता वर्गात कोणी झोपलेलं नसतं, आता त्यांना ओहमचा नियम हवा असतो, आणि मग फळ्यावर जा. रेझिस्टन्स काढायला लावा, २३० चा वर्ग भागिले वॅट, शंभरच्याचा ५२९ ओहम, चाळीसच्याचा १३२२ च्या आसपास, आणि सिरीजमध्ये ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याच्यावर व्होल्टेज जास्त. (फिलामेंट गार असताना रेझिस्टन्स वेगळा असतो, हे पुढच्या आठवड्यात हुशार पोरांसाठी ठेवा.)

आणि इथे थांबू नका. त्यांना विचारा की गावात डीपीवरचा न्यूट्रल तुटला की गल्लीतले टीव्ही आणि फ्रिज का जळतात. हे प्रत्येकानं गावाकडे बघितलेलं असतं. न्यूट्रल तुटला की दोन वेगळ्या फेजवरची दोन घरं त्या बल्बांसारखी सिरीजमध्ये येतात आणि त्यांच्यावर ४०० व्होल्ट, ज्या घरात लोड कमी त्या घरावर व्होल्टेज जास्त, म्हणून ज्याच्या घरी फक्त टीव्ही चालू होता त्याचा गेला आणि शेजारी पाण्याचा हीटर लावला होता त्याचं काही झालं नाही. हे कळल्यावर पोरं घरी जाऊन बापाला समजावून सांगतात, आणि मला वाटतं आयटीआयमधलं पोरगं ज्या दिवशी घरात काहीतरी समजावून सांगतं त्या दिवसापासून ते अभ्यासाला लागतं.

वर्कशॉप कॅल्क्युलेशनचंही तसंच. पुस्तकातल्या गणिताच्या ऐवजी हॉस्टेलचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या. दीड हजार वॅटचा गीझर रॉड आणि साडेसातशेची इस्त्री एकाच सहा अँपिअरच्या सॉकेटवर, करंट किती? २२५० भागिले २३०, म्हणजे पावणेदहा-दहा अँपिअर. प्लग का वितळला हे त्यांचं त्यांना कळतं. निमीची (आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या सरकारी संस्थेची) पुस्तकं मराठीतही आहेत, ती वापरा, पण पुस्तक सोडवल्यानंतर उघडायला सांगा.

हो, आणि परीक्षेची थिअरी आता कॉम्प्युटरवर असते, पर्याय निवडायचे असतात, त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत सरावाच्या प्रश्नांना वेळ द्यावाच लागतो. भारत स्किल्स या सरकारी वेबसाइटवर प्रश्नसंच मिळतात. ते वर्षभर मात्र करत बसू नका.

प्रश्न : वेल्डरला शिकवतो. कडक राहिलं की पोरं घाबरून विचारत नाहीत, सैल सोडलं की गॉगल न लावता चिपिंग करतात, म्हणजे वेल्डवरची खपली ठोकून काढतात. मधला रस्ता काय? (वेल्डर, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकात घातल्यात सर. सुरक्षेत मधला रस्ता नाही. गॉगल नाही तर चिपिंग नाही, सुती कपडे आणि बूट नाहीत तर बूथमध्ये प्रवेश नाही, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आणि साहेब तपासणीला आलेले असोत नसोत. आरडाओरडा करायची पण गरज नाही, शांतपणे मशीन बंद करायचं आणि सांगायचं की गॉगल घालून ये. पण हे चालतं तेव्हाच जेव्हा तुम्ही स्वतः दोन सेकंदांचा टॅक (तुकडे जागेवर धरायला वेल्डचा ठिपका) मारताना सुद्धा हेल्मेट घालता. जुन्या वेल्डरना डोळे मिटून टॅक मारायची सवय असते, पोरं ती तुमच्याकडून अर्ध्या दिवसात उचलतात आणि मग आर्क लागून रात्रभर डोळे चुरचुरत बसतात. या बाबतीत तुम्ही काय सांगता यापेक्षा तुम्ही काय करता तेच ती शिकतात.

कामातल्या चुकीबद्दल मात्र रागवायचंच नाही. वेल्डिंगला चूक झाल्याशिवाय हात बसत नाही, इलेक्ट्रोड चिकटणार, पत्र्याला भोक पडणार, स्लॅग, म्हणजे ती खपली, आत राहणार. पोरगं चिकटलेला इलेक्ट्रोड लपवायला लागलं की समजा आता ते शिकणार नाही. उलट सगळ्यांचे खराब बीड, म्हणजे वेल्डच्या रेघा, एका टेबलावर मांडा, नावं न घेता, आणि वाचायला शिकवा. हा बीड उंच आणि अरुंद आहे, कडेला नीट मिसळला नाही, म्हणजे करंट कमी. याच्या कडेला खाच पडलीय, अंडरकट, म्हणजे करंट जास्त किंवा आर्क लांब किंवा हात घाईत. इथे बारीक भोकं आहेत, इलेक्ट्रोड ओलसर होता का, प्लेट साफ केली होती का? पोरांना स्वतःचा बीड स्वतः वाचता आला की तुमच्यावाचून ती सुधारू लागतात, आणि अप्रेंटिसशिपला गेल्यावर तिथे कोणी शेजारी उभं नसतं तेव्हा हेच उपयोगी पडतं.

वेल्डिंगला अजून एक आहे, हेल्मेट घातल्यावर तुम्ही काय करताय हे पोरांना धड दिसत नाही. म्हणून कानानं शिकवा. ३.१५ मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडला करंट १०० ते १२० अँपिअरच्या आसपास ठेवून (पाकिटावर लिहिलेलं असतंच) आर्कची लांबी साधारण इलेक्ट्रोडच्या तारेच्या जाडीएवढी ठेवली की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो, लांब झाली की आवाज फुटतो आणि ठिणग्या उडतात, जवळ गेली की आवाज दबतो आणि चिकटतो. पोरांना पाठ करून उभं करा आणि नुसत्या आवाजावरून ओळखायला लावा, आता लांब, आता बरोबर. त्यांना हा खेळच वाटतो, आणि मग स्वतः बूथमध्ये गेल्यावर कान आपोआप लावतात.

प्रश्न : माझ्या वायरमनच्या बॅचमध्ये मुली मोजक्याच आहेत. ग्रुपमध्ये काम दिलं की मुलं टूल घेतात आणि मुलींना रीडिंग लिहायला बसवतात. मुलीपण काही बोलत नाहीत. (वायरमन, रायगड जिल्हा)

उत्तर : ग्रुप तुम्ही पाडा, त्यांच्यावर सोडू नका, आणि शक्यतो दोघादोघांचे पाडा, चौघांच्या ग्रुपमध्ये दोघं नेहमी बघेच राहतात, मग ती मुलगी असो नाहीतर लाजरा मुलगा. जर्नलमध्ये रीडिंग कुणी घेतलं आणि कनेक्शन कुणी केलं हे वेगळं लिहायला लावा आणि पुढच्या जॉबला अदलाबदल. मेगर, क्रिंपिंग टूल, कन्ड्युट बेंडिंग, शिडीवर चढणं, सगळं प्रत्येकीच्या हातून झालं पाहिजे. आणि एक विनंती, मुलीला जमत नाही असं दिसलं की पुरुष निदेशक पटकन "दे इकडे" म्हणून स्वतः करून टाकतात, मनात चांगलंच असतं, पण त्यानं तिचा तो जॉब कायमचा बुडतो. हात मागे बांधून उभे राहा आणि तोंडानं सांगा. ही सवय खरं तर मुलांच्या बाबतीतही हवी.

प्रश्न : आमच्याकडे मशिनं कमी, मटेरियल वेळेवर नाही. एका लेथमागे कितीतरी पोरं. अशा ठिकाणी चांगला निदेशक असून काय करणार? (टर्नर, विदर्भ)

उत्तर : मशिनं हवीतच, त्याला पर्याय नाही आणि त्यासाठी प्राचार्यांकडे आणि संस्था व्यवस्थापन समितीकडे लेखी मागणी लावून धरलीच पाहिजे, ती सोडू नका. तोपर्यंत, रांगेतल्या पोरांना काम द्या. एक लेथवर, दुसरा त्याच्या शेजारी प्रोसेस शीट वाचून पुढची पायरी सांगणारा, तिसरा टूल ग्राइंडिंगला, चौथा आधीच्या बॅचच्या जॉबचं व्हर्नियरनं माप घेऊन ड्रॉइंगशी ताडून बघणारा, आणि दर तासाला फिरवायचं. मापन शिकायला मशीन लागत नाही, आणि ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्नियर पाच पोरांनी वाचला तर पाच वेगळी मापं येतात, ती एक का येत नाहीत यावर अख्खा दिवस चांगला जातो. मटेरियलसाठी जवळच्या एमआयडीसीत जाऊन ऑफकट मागा, बरेच जण देतात.

अजून एक वाट दाखवते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून ते एका कोरडवाहू गावात येऊन राहिले आणि तिथे शाळा सोडलेल्या मुलांना गावाला लागणारी खरी कामं करत करत शिकवायची पद्धत उभी केली, वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, सगळं. त्यातूनच पुढे शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा अभ्यासक्रम आला. तिथली कल्पना साधी आहे, जे बनवायचं ते कुणाला तरी वापरायला लागणार असेल तर ते नीट बनतं. तुमच्या संस्थेतली मोडकी बाकं, गेटची बिजागरी, शेजारच्या शाळेचा हातपंप, ही कामं परवानगी घेऊन जॉब म्हणून द्या. सरावाचा जॉब शेवटी भंगारात जातो हे पोरांना माहीत असतं, शाळेच्या हातपंपाची पिन टर्न करताना मात्र ती माप तीनदा घेतात.

प्रश्न : मुलगा दहावी झाला, इलेक्ट्रिशियन किंवा फिटरला घालायचाय. जवळपास दोन आयटीआय आहेत. कुठे चांगलं शिकवतात हे आमच्यासारख्या शेतकऱ्यानं कसं ओळखायचं? (पालक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : दादा, इमारत आणि बोर्डावरचे फोटो बघू नका. चालू वर्षातल्या एखाद्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला परवानगी घेऊन वर्कशॉपमध्ये जा. तिथे पोरांच्या हातात हत्यार आहे की मोबाइल हे आधी बघा. निदेशक टेबलावर आहेत की बेंचमधून फिरताहेत. एखाद्या पोराजवळ थांबून ते काय करताहेत, त्याच्या हातातून हत्यार काढून घेताहेत की त्याच्याकडून करून घेताहेत. भंगाराची पेटी रिकामी आणि मशीन चकचकीत असेल तर जरा शंका घ्या, शिकणाऱ्या वर्कशॉपला कीस आणि तेल लागलेलं असतं, फक्त जमीन झाडलेली आणि टूल जागेवर हवीत. तयार जॉबवर पोराचा नंबर पंच केलेला असतो आणि गुण लिहिलेले असतात, ते सगळे जॉब सारखेच चांगले दिसले तर विचारा, कारण वीस पोरांचं काम कधी सारखं नसतं.

मग बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या दोनतीन पोरांशी बोला. सर कसे आहेत असं विचारू नका, मागच्या आठवड्यात काय बनवलं ते विचारा. जो घडाघडा सांगेल, हातानं हवेत दाखवत सांगेल, त्याला शिकवलंय. मागच्या बॅचची पोरं शिकाऊ उमेदवार म्हणून कुठल्या कंपन्यांत लागली हे संस्थेला विचारा, त्यांच्याकडे नोंद असते. आणि केंद्र सरकारची (पूर्वी एनसीव्हीटीची म्हणायचे, आता डीजीटी म्हणजे प्रशिक्षण महासंचालनालयाची) संलग्नता त्या ट्रेडला, त्या युनिटला आहे ना हे मात्र कागदावर बघा, कारण खाजगीत एका ट्रेडला असते आणि दुसऱ्याला नसते असंही होतं.

राज्यात सरकारी आयटीआयच चारशेहून जास्त आहेत, त्यामुळे जवळच्या दोनावर अडून बसू नका, तालुका बदलून एसटीच्या पासवर जाण्यासारखी तिसरी संस्था असेल तर तीही बघा. प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना ट्रेड आणि संस्थेचा पसंतीक्रम द्यावा लागतो आणि पहिल्या पसंतीची जागा मिळाली की नंतर बदलणं अवघड जातं, म्हणून ही सगळी फेरी अर्ज भरायच्या आधी मारा, आणि मुलाला बरोबर न्या.